बिनतारी जाळे आणि शेवटच्या बाकावरील वाचक

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ग्रंथालये काढली त्यांच्यापुढील प्रश्न साधे पण कठीण होते. जागा कोण देणार, कपाटे कोठून आणायची, दिवाबत्तीचा खर्च कोणी सोसायचा, आणि वर्तमानपत्र एक व वाचणारे दहा असले तर काय करायचे? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्या मंडळींनी पाळीने दिले. ज्याचे वाचून झाले त्याने अंक पुढच्याच्या हाती द्यायचा, मोठ्याने वाचून शेजाऱ्याला त्रास द्यायचा नाही, आणि दूरच्या वस्तीतून पायी आलेल्यालाही अंक मिळाल्याशिवाय कक्ष बंद करायचा नाही. नियम कोठे लिहिलेले असोत वा नसोत, वाचनकक्ष चालतो तो अशाच समजुतीवर.

आज वाचनकक्षात बसणारा विद्यार्थी पुस्तकाबरोबर आणखी एक गोष्ट मागतो. त्याला वाय-फाय हवे असते. परीक्षेचा अर्ज, जुन्या प्रश्नपत्रिका, अध्यापकाचे ध्वनिचित्रित व्याख्यान हे सारे त्याला त्या अदृश्य वाटेने मिळते. ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाला हा विषय तांत्रिक वाटतो. एखाद्या कंत्राटदाराला बोलवावे, छताला एक पेटी लावावी आणि मोकळे व्हावे, अशी स्वाभाविक इच्छा होते. पेटीवर छापलेला वेगाचा आकडा डोळे दिपवणाराही असतो. परंतु तो आकडा कोणा एका वाचकाच्या वाट्याला कधीच येत नाही. वाय-फाय हा मुळात वाटपाचा विषय आहे, आणि वाटपाचा विषय ग्रंथालयाला परका नाही. कक्षातील हवा एकच आहे. ती सर्वांची आहे. आणि एका वेळी तिच्यातून एकालाच बोलता येते. या जाळ्याची क्षमता आणि त्याची मांडणी यांचा सारा विचार या एका वाक्यातून निघतो.

या विचाराचा उगम पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर झाला. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे अडचण अशी होती, की मुख्य संगणक एका बेटावर आणि त्याचा उपयोग करू पाहणारे अनेक बेटांवर. त्यांनी रेडिओलहरींचा आश्रय घेतला आणि १९७१ साली ‘अलोहानेट’ हे जाळे सुरू झाले. सर्व यंत्रांना एकच लहर-वाट दिलेली होती. नियम एवढाच की ज्याला बोलायचे असेल त्याने बोलावे. दोघांचे बोल एकमेकांवर आदळून पोच आली नाही, तर थोडा वेळ थांबून पुन्हा बोलावे. युक्ती सोपी होती; पण तिचे गणित मांडल्यावर दिसले, की अशा मोकाट रीतीने त्या वाटेच्या क्षमतेपैकी फार तर १८ टक्केच कामी येतात. उरलेला काळ टकरीत आणि रिकाम्या वाट पाहण्यात जातो. सर्वांना बोलण्याची मुभा दिली, तरी शिस्त नसेल तर कोणाचेच बोलणे नीट पोचत नाही, हा बिनतारी जाळ्यांचा पहिला धडा होय.

दुसरा टप्पा कायद्याचा आहे. १९८५ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने लहरींचे काही पट्टे परवान्याविना वापरास खुले केले. त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा होता. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात काम करते, म्हणून प्रतिष्ठित दळणवळणाच्या दृष्टीने तो टाकाऊ समजला जाई. गावाबाहेरच्या अशा पडीक गायरानावर पुढे घरोघरीची वाय-फाय यंत्रे नांदू लागली. परवाना नाही, भाडे नाही. पण त्याबरोबर संरक्षणही नाही. शेजारच्या इमारतीतील यंत्राने त्रास दिला, तर त्याविरुद्ध हक्क सांगता येत नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अशा रीतीने २००५ साली मोकळा झाला, आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ एवढा विस्तृत भाग २०१८ साली.

गायरान खुले झाले तरी सर्वांची गुरे एका नियमाने चरावी लागतात. दुकानांतील गल्लापेट्या तारेविना जोडण्याच्या खटपटीत असलेल्या एनसीआर या कंपनीच्या नेदरलँड्समधील शाखेत व्हिक हेस नावाचे अभियंते होते. १९९० पासून पुढे दहा वर्षे त्यांनी विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, म्हणजे आयईईईच्या, संबंधित समितीचे अध्यक्षपद सांभाळले. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू शकतील असे एक मानक त्या समितीने १९९७ साली प्रसिद्ध केले. त्याचा क्रमांक ८०२.११. त्यात वेग होता सेकंदाला १ किंवा २ मेगाबिट. १९९९ साली तो ११ मेगाबिटपर्यंत गेला, आणि त्याच सुमारास ‘वाय-फाय’ हे सुटसुटीत व्यापारी नाव रूढ झाले. २००३, २००९, २०१३ आणि २०२१ या वर्षी पुढील आवृत्त्या आल्या आणि दर वेळी आकडा फुगत गेला.

आता हा आकडा आणि वाचकाचा प्रत्यक्ष अनुभव यांत अंतर का पडते, ते पाहू. तारेने जोडलेल्या संगणकाला बोलता बोलताच टक्कर झाल्याचे कळू शकते. रेडिओयंत्राला ते साधत नाही. त्याच्या स्वतःच्या आवाजात दुसऱ्याचा क्षीण आवाज बुडून जातो. म्हणून वाय-फायने टक्कर ओळखण्यापेक्षा टाळण्याचा मार्ग धरला. प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेते. हवा शांत दिसली तरी ते लगेच बोलत नाही. एक ठरावीक अवधी आणि त्यावर आणखी काही क्षण, चिठ्ठी टाकून काढावेत तसे, थांबते. मग संदेशाचा एक तुकडा पाठवते आणि पोच मिळण्याची वाट पाहते. पोच आली नाही तर पुन्हा चिठ्ठी, आणि या वेळी अधिक लांब थांबणे. या सभ्यतेची किंमत वेळात मोजावी लागते. ११ मेगाबिटच्या यंत्रात संदेशाचा १,५०० बाइटचा पूर्ण तुकडा हवेतून जाण्यास सुमारे ११०० मायक्रोसेकंद लागतात. पण थांबणे, प्रास्ताविक आणि पोच धरून सगळा व्यवहार १९०० मायक्रोसेकंदांच्या घरात जातो. म्हणून पेटीवर ११ लिहिलेले असले तरी हाती पडतात ते जेमतेम ५ ते ६ मेगाबिट, आणि तेही एकटाच वाचक असताना. पुढच्या आवृत्त्यांनी अनेक तुकडे एकत्र बांधून पाठवण्याची सोय केली, त्यामुळे ही तूट कमी झाली. पण ती नाहीशी झाली नाही.

याहून सूक्ष्म गोष्ट २००३ साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथील संशोधकांनी दाखवून दिली. वाय-फायचे यंत्र केंद्रापासून दूर गेले, की अक्षरे चुकू नयेत म्हणून ते आपला बोलण्याचा वेग उतरवते; ११ वरून ५.५, मग २, मग १. मानकाचा नियम मात्र सर्वांना बोलण्याची समान संधी देतो. समान वेळ देत नाही. केंद्राजवळचा वाचक ११ च्या वेगाने आपला तुकडा चटकन पाठवतो. कोपऱ्यातला वाचक तेवढाच तुकडा १ च्या वेगाने, दहापट वेळ घेऊन पाठवतो. पंगतीत सर्वांचे पान होईपर्यंत कोणी उठत नाही, तसे येथेही घडते. दोघेच असले तरी प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला १ मेगाबिटहूनही कमी येते. वेगवान यंत्र विकत घेणाऱ्यालाही संथ शेजाऱ्याच्या चालीने चालावे लागते.

यावर दोन प्रकारचे उपाय निघाले. पहिला उपाय वेळेचे समान वाटप करण्याचा, किंवा अतिसंथ वेग बंदच करून टाकण्याचा. संथ वेग बंद केले की जाळे झपाट्याने चालू लागते, तक्रारी कमी होतात, आणि आकडेवारीही सुधारते. परंतु त्यामुळे कोपऱ्यातल्या वाचकाला जाळ्यात प्रवेशच मिळत नाही. तक्रार कमी होण्याचे एक कारण तक्रार करणारा बाहेर राहिला हेही असू शकते. दुसरा उपाय खर्चाचा आणि विचाराचा आहे : तो वाचक कोपऱ्यात का पडला, याचा शोध घेऊन केंद्र त्याच्याजवळ न्यायचे. म्हणजे प्रश्न मांडणीचा झाला.

मांडणीचे शास्त्र ज्या ठिकाणी प्रथम मोठ्या प्रमाणावर पारखले गेले, त्या ठिकाणाचे ग्रंथालयांशी दूरचे नाते आहे. अमेरिकेतील पिट्सबर्गजवळ लहानपणी अँड्र्यू कार्नेगी नावाचा एक गरीब तारवाला मुलगा राहत असे. कर्नल जेम्स अँडरसन या गृहस्थांनी आपला खासगी ग्रंथसंग्रह कामकरी मुलांना खुला केला आणि त्या मुलाच्या आयुष्याची दिशा बदलली. पुढे पोलादाच्या धंद्यात अपार धन मिळवून कार्नेगीने जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांच्या इमारतींना देणग्या दिल्या. सामान्यतः त्याची अट अशी असे, की जागा गावाने द्यावी आणि देणगीच्या एक दशांश एवढी रक्कम दर वर्षी चालू खर्चासाठी गावाने उभी करावी. त्याच पिट्सबर्गमधील कार्नेगी मेलन विद्यापीठाने आपल्या संगणक-जाळ्याला दोन्ही आश्रयदात्यांचे सामाईक नाव दिले, ‘अँड्र्यू’. १९९० नंतरच्या दशकात अॅलेक्स हिल्स यांच्या नेतृत्वाखाली तेथे ‘वायरलेस अँड्र्यू’ उभे राहिले. आरंभी काही इमारतींत, मानक निघण्यापूर्वीच्या २ मेगाबिटच्या यंत्रांवर, आणि १९९९ पासून ११ मेगाबिटच्या यंत्रांवर विद्यापीठाच्या सर्व परिसरात.

तेथे उमगलेली तत्त्वे आजही टिकून आहेत. पहिले असे, की केंद्रे फार दूर ठेवली तर मध्ये मुकी जागा राहते. फार जवळ ठेवली तर पैसा वाया जातो आणि ती एकमेकांच्या बोलण्यात अडथळा आणतात. दुसरे असे, की २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाटांचे क्रमांक अनेक दिसले तरी एकमेकींना न शिवणाऱ्या वाटा तीनच : १, ६ आणि ११. नकाशावर शेजारच्या दोन प्रांतांना एक रंग येऊ द्यायचा नाही आणि हातात रंग मात्र तीनच, असे हे कोडे आहे. त्यातही लहरी मजला भेदून वर-खाली जात असल्यामुळे हा नकाशा सपाट नसून तीन मिती असलेला असतो. तिसरे असे, की भिंतींच्या नकाशावरून केलेले अनुमान पुरे पडत नाही. यंत्र हाती घेऊन खोलीखोलीतून हिंडावे, मोजावे, केंद्र हलवावे आणि पुन्हा मोजावे लागते. या पायपिटीवर उपाय म्हणून हिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने ‘रोलअबाउट’ नावाची एक ढकलगाडी तयार केली. चाकांच्या फेऱ्यांवरून तिला आपली जागा कळे आणि प्रत्येक जागी लहरींचे बळ किती याची नोंद ती करीत जाई.

चौथे तत्त्व वाचनकक्षाला विशेष लागू पडते. केंद्राचा आवाका आणि केंद्राची क्षमता या भिन्न गोष्टी आहेत. एक बलवान केंद्र सबंध सभागृहात ऐकू जाईल. पण त्याची क्षमता सभागृहात बसलेल्या सर्वांत विभागली जाईल. समजा, एका केंद्राकडून प्रत्यक्षात ६० मेगाबिट मिळतात. तीस वाचकांनी एकाच वेळी मागणी केली तर प्रत्येकाला दोन. आवाज वाढवून ही संख्या वाढत नाही. उलट, केंद्र मोठ्याने बोलले तरी वाचकाच्या हातातील भ्रमणध्वनी तेवढ्या जोराने उत्तर देऊ शकत नाही; त्याला केंद्र ऐकू येते, पण केंद्राला तो ऐकू जात नाही. म्हणून दाट वस्तीच्या जागी हळू बोलणारी अधिक केंद्रे, निरनिराळ्या वाटांवर, ही रीत योग्य ठरते.

जुन्या ग्रंथालयाची इमारत या लहरींना काय करते, हेही पाहण्यासारखे आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहूनही थोडी कमी. दगडी भिंत दोन्हींना अडवते, आणि दुसरीला अधिक. लोखंडी कपाट लहर परतवून लावते, त्यामुळे कपाटामागे सावली पडते. पुस्तकांनी भरलेली फळी लहरींचे बळ शोषते, कारण कागद हवेतील ओल धरून ठेवतो. आणि माणसाचे शरीर तर बव्हंशी पाणीच. सकाळी रिकाम्या कक्षात घेतलेले माप सायंकाळी भरलेल्या कक्षात खोटे ठरते ते त्यामुळे. मोजणी करायचीच तर परीक्षेच्या दिवसांत, सर्व बाके भरलेली असताना करावी. केंद्र कार्यालयात, ग्रंथपालांच्या डोक्यावर लावण्याची प्रथा सोयीची असते, कारण तेथे वीज आणि तार आधीच आलेली असते. परंतु वाचक बसतात ते भिंतीपलीकडे. तार दहा-वीस मीटर पुढे नेण्याचा खर्च टाळला, की तो खर्च पुढे रोज वाचकाच्या वेळातून वसूल होत राहतो. २००३ साली मान्य झालेल्या एका मानकाने केंद्राला लागणारी वीजही त्याच तारेतून नेण्याची सोय केली आहे, तेव्हा ही सबब आता पुरेशी नाही.

दोन लहान गोष्टी अनेकदा दुर्लक्षित राहतात. कार्यालयासाठी एक, सभासदांसाठी एक, पाहुण्यांसाठी एक अशी जाळ्याची अनेक नावे ठेवण्याचा मोह होतो. प्रत्येक नावासाठी केंद्र सेकंदाला सुमारे दहा वेळा आपल्या अस्तित्वाची हाळी देते, आणि ती सर्वांत संथ वेगाने देत असेल, तर एका नावापायी दर सेकंदातील दोन-अडीच टक्के वेळ खर्ची पडतो. एकाच वाटेवर शेजाऱ्यापाजाऱ्यांची धरून दहा नावे ऐकू येत असतील, तर सुमारे पाव वेळ हाळीतच गेला. दुसरी गोष्ट केंद्रामागच्या तारेची. इंटरनेटची जोडणीच अपुरी असेल तर छतावरील पेटी कितीही नवी असून उपयोग नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

मानक ठरवणाऱ्यांचा दृष्टिकोनही बदलत गेला, ही समाधानाची बाब आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ८०२.११ एएक्स या आवृत्तीचे उद्दिष्ट मांडताना कमाल वेगापेक्षा गर्दीच्या जागी प्रत्येक यंत्राला सरासरी किती मिळते, याला महत्त्व देण्यात आले आणि ते चौपट करण्याचा संकल्प सोडण्यात आला. एकाच वेळी वाटेचे लहान लहान भाग करून ते अनेकांना वाटून देण्याची पद्धत त्यात आली. शेवटच्या माणसाला किती मिळाले यावरून व्यवस्था जोखावी, ही दृष्टी उशिराने का होईना अभियांत्रिकीत रुजू लागली.

तिची गरज किती खरी आहे, याची साक्ष अलीकडच्या काळाने दिली आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल आणि गूगल यांनी विनामूल्य वाय-फाय सुरू केले. जून २०१८ पर्यंत अशी ४०० स्थानके झाली. त्याच वर्षी केरळातील एका रेल्वे-हमालाने ओझी वाहताना कानाला यंत्र लावून, स्थानकावरील वाय-फायच्या आधारे अभ्यास केला आणि लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण केली, ही वार्ता देशभर वाचली गेली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने ‘पीएम-वाणी’ योजनेस मान्यता देऊन, लहान दुकानदारासही परवान्याविना सार्वजनिक वाय-फाय पुरवण्याची वाट मोकळी केली. आणि मार्च २०२० मध्ये, महामारीमुळे अमेरिकेतील ग्रंथालयांची दारे बंद झाली तेव्हा, तेथील ग्रंथालय संघाने शिफारस केली की इमारत बंद असली तरी वाय-फाय चालू ठेवावे. मुले आणि पालक ग्रंथालयाबाहेर मोटारी उभ्या करून, भिंतीतून झिरपणाऱ्या त्या लहरींवर शाळेचे धडे गिरवीत बसले. ज्या घरी जोडणी होती त्यांना तेथे येण्याचे कारण नव्हते.

या ग्रंथालयाच्या दृष्टीनेही प्रश्न तोच आहे. ज्याच्या खिशात पुरेसा पैसा आहे त्याला ग्रंथालयाच्या वाय-फायवाचून अडत नाही. तो आपल्या भ्रमणध्वनीवर काम भागवतो. ज्याचे अडते तो बहुधा उशिरा येतो, मागच्या बाकावर बसतो, आणि त्याच्या हातातील यंत्रही जुने, संथ असते. वेगाच्या मागे लागून मांडणी केली तर नियम त्यालाच बाहेर काढतील. म्हणून नवे जाळे बसवून झाल्यावर त्याची परीक्षा एकाच रीतीने घ्यावी : कक्ष भरलेला असताना, कपाटामागच्या शेवटच्या बाकावर, जुन्यात जुना भ्रमणध्वनी घेऊन बसावे आणि एक प्रश्नपत्रिका उतरवून पाहावी. ती उतरली तर जाळे चांगले. नाही उतरली तर केंद्र हलवावे, तार वाढवावी, आणि पुन्हा पाहावे.

आश्रयदात्यांनी कार्नेगीची ती जुनी अटही ध्यानात ठेवावी. पेटी एकदा देणगीत मिळते. तिची देखभाल, नवी कळशब्द-व्यवस्था, बिघाडाची दुरुस्ती आणि चार-सहा वर्षांनी होणारा बदल यांसाठी दर वर्षी तरतूद लागते. ज्या पूर्वसूरींनी दिव्याच्या तेलाचा खर्च वर्षानुवर्षे वर्गणीतून चालवला, त्यांच्या वारसांना हे नव्याने सांगण्याची गरज नाही. दुसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर या ग्रंथालयाचा दिवा असाच मागच्या बाकापर्यंत पोचत राहो, ही सदिच्छा.